खालच्या लीगमधला स्ट्रायकर: गोल नंतर मोजा, आधी सामने मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा इंग्लंडमध्येच लहानाचा मोठा झाला, वय अठरा, खेळतो सेंटर-फॉरवर्ड. ज्या मोठ्या क्लबच्या अकॅडमीत तो शाळकरी वयापासून होता, त्यांनी या उन्हाळ्यात त्याला सोडलं. आता लीग टूमधला एक क्लब वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट द्यायला तयार आहे. आईवडील म्हणतात, पुरे झालं, आता युनिव्हर्सिटी. तो म्हणतो, खेळणार. खालच्या लीगमधल्या स्ट्रायकरची कारकीर्द असते तरी कशी, तिथून कुणी वर येतं का, की एकदा खाली गेला की कायमचा गेला, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये फॉरवर्ड खेळाडूंचं कोचिंग करतोय, आणि त्यातली बहुतेक पोरं अशीच अकॅडमीतून सुटलेली होती. तेव्हा सरळ सांगतो. खाली गेला म्हणून कुणी संपत नाही. स्ट्रायकर संपतो तो न खेळल्यामुळे. एकोणीस ते तेवीस या वयात ज्याला एका ठिकाणी सलग खेळायला मिळालं, तो त्याच्या कुवतीइतका वर जातोच. ज्याची ही वर्षं बाकावर, लोनवर (म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरता उसना) आणि सहा-सहा महिन्यांच्या करारांत गेली, त्याच्यात काय होतं ते कुणालाच कळत नाही. त्यालाही नाही.

आधी ही उतरंड समजून घ्या. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. असे एकूण ९२. त्याखाली नॅशनल लीग, आणि तिच्याखाली पार गावपातळीपर्यंत. वरून खाली आणि खालून वर जायची दारं दरवर्षी उघडतात. भाच्याला ज्या लीग टूमधून बोलावणं आलंय ती चौथी पायरी. चौथी म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना ती हौशी वाटते. तसं अजिबात नाही. तिथे पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू असतात आणि हंगामात लीगचेच ४६ सामने होतात. वर एफए कप, लीग कप आणि खालच्या दोन विभागांसाठीची ट्रॉफी.

आता रिकी लॅम्बर्टची कारकीर्द बघा. तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

जन्म १९८२ चा, लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा. दहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकॅडमीत गेला, पंधराव्या वर्षी त्यांनी सोडलं. मग ब्लॅकपूल. तिथे सतराव्या वर्षी पहिल्या संघात उतरला, पण लीगचे जेमतेम तीन सामने खेळला आणि २००० मध्ये तिथूनही सुटला. क्लब नाही, पगार नाही. मॅकल्सफील्ड टाउनबरोबर सराव करायची परवानगी मिळाली, पैसे नाहीत. त्या काळात तो बीटरूटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायचा, दिवसाला वीस पौंडांवर. तेव्हा त्याचं वय होतं अठरा-एकोणीस. म्हणजे तुमच्या भाच्याचंच.

मॅकल्सफील्डने अखेर करार केला. वर्षभरात तो इतका बरा खेळला की २००२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीने त्याच्यासाठी ३ लाख पौंड मोजले. मॅकल्सफील्डसारख्या क्लबसाठी ही फार मोठी रक्कम होती. आता गाडी रुळावर आली असं कुणालाही वाटेल. पण स्टॉकपोर्टला ९८ लीग सामन्यांत त्याचे गोल झाले १८. क्लब घसरणीला लागलेला आणि याची जागा नक्की नाही, कधी मधल्या फळीत तर कधी पुढे. नुसते आकडे बघून खेळाडू निवडणाऱ्या कुठल्याही माणसाने त्या वेळी लॅम्बर्टचं नाव कागदावरून खोडलं असतं.

फेब्रुवारी २००५ मध्ये तो रोचडेलला गेला, म्हणजे आणखी एक पायरी खाली. माझ्या मते त्याची कारकीर्द इथे फिरली. रोचडेलने त्याला पुढे ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. २००५-०६ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. त्या हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात त्याचा जोडीदार होता ग्रँट होल्ट. हाही असाच भटकून आलेला: हॅलिफॅक्स, बॅरो, मध्ये सिंगापूर, मग शेफील्ड वेन्सडे. चौथ्या पायरीवरच्या क्लबमध्ये एका ओळीत उभे असलेले हे दोघे. पुढे होल्टने नॉर्विचचा कर्णधार म्हणून २०११-१२ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १५ गोल केले, आणि पुढच्याच हंगामात लॅम्बर्टनेही साउथॅम्प्टनकडून प्रीमियर लीगमध्ये बरोबर १५. रोचडेलच्या स्पॉटलंड मैदानावर २००५ साली तिकीट काढून बसलेल्या माणसाने इंग्लंडमधले दोन उत्तम फॉरवर्ड शेजारी-शेजारी पाहिले होते, आणि देशातल्या कुठल्याही मोठ्या क्लबला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण गुण असले तर ते दिसतातच, हा समज किती पोकळ आहे ते यातून कळतं.

ऑगस्ट २००६ च्या अखेरीस ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला २ लाख पौंडांना घेतलं. तिथे तो तीन हंगाम राहिला. पहिल्याच वर्षी संघ प्लेऑफमधून, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद सामन्यांतून, लीग वनमध्ये चढला. दुसऱ्या वर्षी एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक मारली. त्या वाटेवर पाचव्या फेरीत साउथॅम्प्टनला १-० ने हरवलं, आणि तो एकमेव गोल लॅम्बर्टच्या फ्री-किकवर झाला. तिसऱ्या वर्षी, २००८-०९ मध्ये, लीगमध्ये २९ गोल. लीग वनच्या सर्वाधिक गोलांचा मान त्याने स्विंडनच्या सायमन कॉक्सबरोबर वाटून घेतला. पहिल्या वर्षी गोल बेताचे, तिसऱ्या वर्षी २९. मैदान तेच, पुरवठा करणारे विंगर बरेचसे तेच, आणि चेंडू कुठून, कधी येणार हे अंगवळणी पडलेलं. स्ट्रायकरला एका ठिकाणी तीन वर्षं दिली की काय होतं, ते यात आहे.

त्या उन्हाळ्यात साउथॅम्प्टनने त्याला नेलं. क्लब आर्थिक गाळात रुतलेला होता. लीग वनमध्ये घसरलेला, आणि हंगाम सुरू होण्याआधीच १० गुण वजा. मॅनेजर ॲलन पार्ड्यूने लॅम्बर्टला तोंडावर सांगितलं की तो पुरेसा फिट नाही, वजन उतरवायला हवं. वय सत्तावीस. २९ गोल करून आलेल्या माणसाला हे ऐकवणं सोपं नसतं, आणि ऐकणं त्याहून कठीण. त्याने ऐकलं. खाणं बदललं, सराव वाढवला. त्या हंगामात लीगमध्ये ३० गोल झाले आणि वेम्बलीवर ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात एक पेनल्टीही. दोन वर्षांनी, २०११-१२ मध्ये, चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल करून तो तिथलाही सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि साउथॅम्प्टन प्रीमियर लीगमध्ये पोचलं. ऑगस्ट २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पहिला सामना होता. लॅम्बर्ट बदली म्हणून उतरला आणि त्याने गोल केला.

त्याच्या पेनल्ट्या मुद्दाम बघा. साउथॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्ट्या घेतल्या आणि ३४ गोल झाले. एकही हुकली नाही. पेनल्टी म्हणजे नशीब असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. तो धाव घेताना थबकायचा नाही, कीपरला चकवायच्या फंदात पडायचा नाही. कोपरा ठरलेला, फटका जोराचा, आणि घोटा शेवटपर्यंत घट्ट. कीपरने बरोबर बाजूला झेप घेतली तरी हात पोचेपर्यंत चेंडू जाळ्यात. यामागे सराव संपल्यावर थांबून मारलेले फटके असतात, आणि असं थांबायची सवय खालच्या लीगमध्ये लागते, कारण तिथे प्रत्येक पेनल्टीवर कुणाचा तरी बोनस अवलंबून असतो.

पुढचं अनेकांना ठाऊक असेल. १४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, २-२ अशी बरोबरी. एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय जर्सी घातलेला लॅम्बर्ट रूनीच्या जागी उतरला. तीन मिनिटंही झाली नसतील, तोच लेटन बेन्सचा कॉर्नर आला आणि पहिल्याच स्पर्शाला हेडर, गोल. इंग्लंडने सामना ३-२ ने जिंकला. पुढे २०१४ च्या विश्वचषकाच्या संघात तो होता. त्याच उन्हाळ्यात, ज्या लिव्हरपूलने पंधराव्या वर्षी सोडलं होतं, त्यांनीच त्याला ४० लाख पौंडांना परत घेतलं. तिथे मात्र जमलं नाही. बहुतेक वेळ बाकावर गेला, लीगमध्ये फक्त दोन गोल. मग वेस्ट ब्रॉम, कार्डिफ, आणि २०१७ मध्ये निवृत्ती. लिव्हरपूलचं ते वर्ष माझं म्हणणं दुसऱ्या बाजूने पक्कं करतं: बत्तिसाव्या वर्षीही स्ट्रायकरला सलग सामने लागतातच.

आता दुसरी बाजू, कारण लॅम्बर्टचं नाव घेऊन भाच्याला स्वप्न विकायचं नाही. लेस्टरचा पुढे गाजलेला स्ट्रायकर जेमी वार्डीही सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेतून सुटला, कारखान्यात काम करत आठव्या पायरीच्या आसपास खेळला आणि पंचविसाव्या वर्षी लेस्टरला पोचला, हे सगळे जाणतात. ही नावं गाजतात याचं कारण ती मोजकी आहेत. खालच्या लीगमधल्या बहुतेक चांगल्या स्ट्रायकरांची पूर्ण कारकीर्द तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच जाते. ती कशी असते, हे कळायला अदेबायो अकिनफेन्वा बघा. तोही १९८२ चाच.

त्याची व्यावसायिक सुरुवात लिथुआनियात झाली. तिथे वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या. परत आल्यावर वेल्समधला बॅरी टाउन क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळला, आणि २००३-०४ च्या एकाच हंगामात तो बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रश्डेन आणि डॉनकास्टर अशा चार क्लबांत फिरला. चार मॅनेजर, चार खोल्या, चार वेळा नव्याने ओळख. पुढे टॉर्की, स्वान्सी (तिथे पाय मोडला), नॉर्दम्पटन, जिलिंगम, विम्बल्डन. मे २०१६ मध्ये विम्बल्डनला लीग टूच्या प्लेऑफचा अंतिम सामना जिंकून देताना वेम्बलीवर पेनल्टीचा गोल त्याचा होता. सामन्यानंतर मैदानावरच टीव्हीला मुलाखत देताना त्याने सांगितलं की आपला करार संपलाय, आपण बेरोजगार आहोत, मॅनेजरांनी व्हॉट्सॲपवर संपर्क करावा. लोक हसले. पण ते अक्षरशः खरं होतं. वय चौतीस, हातात ट्रॉफी, आणि जूनअखेर पगार बंद. वायकूमने त्याला घेतलं आणि तिथे तो सहा वर्षं खेळला. २०२० मध्ये ३८ व्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये चढला, २०२२ मध्ये चाळिशीत निवृत्त झाला, दोनशेच्या वर गोल करून. मला ही कारकीर्द लॅम्बर्टइतकीच मोठी वाटते. फक्त ती जगायला वेगळं मन लागतं.

करार जूनअखेर संपतात आणि मे महिन्यात क्लब कुणाला ठेवणार, कुणाला सोडणार याची यादी लावतो. ज्या घरात लीग टूचा खेळाडू आहे त्या घराला हा मे महिना चांगला ठाऊक असतो. शिवाय क्लबच टिकेल याची हमी नाही. बरी (Bury) नावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला. लॅम्बर्टला उभं करणारं मॅकल्सफील्ड टाउन २०२० मध्ये कोर्टाच्या आदेशाने बंद झालं. स्टॉकपोर्ट सहाव्या पायरीपर्यंत घसरून २०२२ मध्ये लीगमध्ये परतलं. रोचडेल शंभरहून जास्त वर्षांनी २०२३ मध्ये लीगबाहेर गेलं. म्हणून क्लबच्या नावापेक्षा त्याचे हिशेब बघा, पगार वेळेवर होतात का ते तिथल्या खेळाडूंना विचारा.

बरीचं नाव निघालं म्हणून, हे महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्या फॉरवर्ड पोरांसाठी. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये याच बरीकडे, तिसऱ्या पायरीवर, गेला होता. तीन हंगामांत ३७ सामने, ३ गोल. दुखापती, परकं हवामान आणि तुटक-तुटक संधी. भुतिया किती गोल करू शकतो हे भारताने पाहिलं होतं. बरीत त्याला त्यासाठी लागणारा सलग काळच मिळाला नाही. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला, पण वर्क परमिट नाकारलं गेलं. आज नियम गुणांवर चालतात, आणि कोल्हापूरच्या तालीम संघातून किंवा गोव्याच्या क्लबातून थेट लीग टूला जाणं जवळजवळ अशक्य आहे. जो एजंट यासाठी पैसे मागतो त्याला एक रुपयाही देऊ नका. तुमच्या भाच्याचं तसं नाही, तो तिथलाच नागरिक आहे. ही संधी इथल्या हजारो पोरांना मिळत नाही, हे त्याला माहीत असू द्या.

आता त्याला तिथे काय करावं लागेल ते सांगतो. अकॅडमीत त्याने गालिच्यासारख्या मैदानावर, पायात येणाऱ्या पासवर, त्याच्याच वयाच्या पोरांविरुद्ध गोल केले. लीग टूमध्ये नोव्हेंबरच्या मंगळवारी रात्री त्याच्यासमोर तिशी ओलांडलेला सेंटर-बॅक असेल, चारशे सामने खेळलेला, ज्याच्या घराचा हप्ता विजयाच्या बोनसवर चालतो. चेंडू चाळीस यार्डांवरून हवेत येईल. तो उंचीने हेडर जिंकायला जाईल आणि दहातले नऊ हरेल. म्हणून मी पोरांना पहिले काही आठवडे गोलावर फटके मारायलाच देत नाही. आधी हे: चेंडू हवेत असतानाच मागे वळून डिफेंडर कुठे आहे ते बघायचं, आपणच एक पाऊल मागे जाऊन त्याच्या अंगाला अंग लावायचं, म्हणजे त्याला उडीसाठी धाव घ्यायला जागा उरत नाही. हात पसरलेला, पण कोपर खांद्याखाली, नाहीतर फाऊल. मग शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल पुढे, चेंडू छातीवर, आणि दुसऱ्याच टचला बाजूच्या जोडीदाराला. यात गोल नाही, टाळ्याही नाहीत. पण मॅनेजर शनिवारी संघ लिहिताना हेच बघतो, कारण चेंडू पुढे टिकला तरच बाकीचे दहा जण वर सरकू शकतात. लॅम्बर्टचे जुने सामने लावा आणि फक्त हे बघा. तो वेगवान कधीच नव्हता, पण त्याच्या अंगावर आलेला चेंडू सहसा परत जात नसे.

आणि गोल न होण्याचा काळ येणार, हे धरून चाला. सात-आठ सामने कोरडे जातात. त्या वेळी घरच्यांनी फोनवर फक्त गोल विचारू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. फटके किती मारले, चौकटीत चेंडूला स्पर्श किती झाले, हे विचारा. ते आकडे शाबूत असतील तर गोल येतात.

आईवडिलांच्या शिक्षणाच्या आग्रहाला माझा विरोध नाही. खेळाडूंची संघटना, पीएफए, सभासदांना अभ्यासक्रमांसाठी आर्थिक मदत करते, आणि सराव बहुतेक दुपारपर्यंत आटोपतो. पार्ट-टाइम पदवी करणारे खेळाडू मी जवळून पाहिलेत. दोन्ही एकत्र होतं, मात्र पहिल्या वर्षी अर्धाच भार घ्यावा.

माझा सल्ला: करार घ्या, पण सही करण्याआधी मॅनेजरला समोरासमोर भेटा. त्याच्याकडे आधीच किती स्ट्रायकर आहेत आणि भाचा त्यांत कितवा, हे विचारा. ऑगस्टच्या अखेरीस मोठ्या क्लबांतून लोनवर आणखी कुणी फॉरवर्ड आणणार आहात का, हेही विचारा. लीग टूमध्ये स्थानिक पोरांची जागा बहुतेक वेळा त्यामुळेच जाते. ठराविक सामने खेळल्यावर करार आपोआप एक वर्षाने वाढेल, असं कलम मागा. छोटे क्लब हे कलम बऱ्याचदा मान्य करतात, कारण त्यात आज पैसे द्यावे लागत नाहीत. पण एक लक्षात ठेवा: तो आकडा जवळ आला की काही मॅनेजर खेळाडूला बाकावर बसवतात. म्हणून आकडा लहान ठेवून घ्या, आणि त्यात बदली म्हणून उतरलेले सामने मोजायचे की नाहीत हे कागदावर स्पष्ट असू द्या. ऑक्टोबरपर्यंत त्याला नियमित खेळायला मिळालं नाही, तर नॅशनल लीगमधल्या एखाद्या क्लबकडे लोनवर जाऊ द्यायचं, आणि गेला तर एकाच क्लबकडे, हंगाम संपेपर्यंत. हेही आत्ताच बोलून घ्या.